‘हे नाऊ, हे नाऊ’ : ही हाक नेमकी कोणाला? (एक ऑस्ट्रेलियन गाणं आणि त्याला मिळालेले नवे गळे)

यारा_काठी

क्लेटनच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही सहा जण राहायचो. तीन खोल्या, एक न्हाणीघर आणि आधीच्या भाडेकरूने स्वयंपाकघरात सोडून दिलेला एक रेडिओ. २००९ सालची गोष्ट आहे. त्या दिवशी पोळ्यांची पाळी माझी होती. बाहेर मेलबर्नचा तो बारीक, तिरका पाऊस. नोकरीसाठी केलेल्या अर्जांना नकारच येत होते आणि घरी फोनवर मी सगळं छान चाललंय म्हणून सांगत होते. रेडिओवर गिटार सुरू झाली. संथ, आणि मध्येच तारांवर हात आपटून स्वतःचाच आवाज बंद करणारी. मग एक पुरुषाचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, समजूतही घालत नव्हता, शेजारी बसून बोलल्यासारखं गात होता. ‘हे नाऊ, हे नाऊ’ आलं तेव्हा तव्यावरची पोळी करपली, एवढं आठवतं.

गाणं होतं ‘डोन्ट ड्रीम इट्स ओव्हर’. निवेदिकेने बँडचं नाव सांगितलं, क्राउडेड हाऊस. माणसांनी गच्च भरलेलं घर. मला ते आमच्याच घराचं नाव वाटलं.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. गाणं १९८६ चं. लिहिणारा आणि गाणारा नील फिन, मूळचा न्यूझीलंडमधल्या ‘ते आवामुतू’ नावाच्या गावचा. थोरला भाऊ टिम याच्या ‘स्प्लिट एन्झ’ या बँडमध्ये तो १९७७ साली गेला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. १९८४ मध्ये तो बँड थांबला आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नील, ड्रमवर पॉल हेस्टर आणि बेसवर निक सीमोर यांनी नवा डाव मांडला. आधीचं नाव होतं ‘द मलेन्स’. कॅपिटल रेकॉर्ड्स या कंपनीला ते पसंत नव्हतं. पहिला अल्बम करायला मंडळी लॉस एंजेलिसला गेली, तिथे एका लहानशा घरात सगळे दाटीवाटीने राहिले आणि त्या दाटीवरूनच हे नाव आलं.

हे गाणं नीलने भावाच्या पियानोवर बसून लिहिलं. गाण्यातल्या माणसाच्या अडचणी अगदी घरगुती आहेत. गाडी ओढून न्यावी लागतेय, छताला भोक पडलंय, पेपरात युद्धाच्या बातम्या आहेत आणि समोरचं माणूस ते पान उलटून टीव्हीच्या कार्यक्रमांचं पान काढतंय. पुराचं पाणी कागदाच्या पेल्यात धरायचा प्रयत्न चाललाय. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो, संपलं असं स्वप्नातसुद्धा आणू नकोस. ‘ते’ आपल्यामध्ये भिंत बांधायला येतील, त्यांना जमणार नाही.

अमेरिकेत १९८७ मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. कॅनडात आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑस्ट्रेलियात मात्र आठव्यावर थांबलं. जे गाणं आज इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, त्याला तेव्हा घरात आठवी जागा मिळाली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

गेली काही वर्षं मी या गाण्याचे नवे अवतार शोधून शोधून ऐकते आहे. त्यातूनच हा प्रश्न पडला. ही हाक आहे कोणाला? बायकोला? मित्राला? नील फिनने स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे की एकीकडे हरवल्यासारखं वाटणं आणि दुसरीकडे स्वतःलाच पुढे रेटणं, असं काहीतरी त्यात आहे. म्हणजे मूळ गाण्यात हाक निदान अर्धी तरी स्वतःलाच आहे. पण गळा बदलला की ऐकणारं माणूस बदलतं, असं मला वाटू लागलंय.

इंग्लंडच्या पॉल यंगने १९९१ मध्ये ते गायलं आणि तिकडे पहिल्या विसांत नेलं. या माणसाचं नाव बरंचसं दुसऱ्यांची गाणी गाऊनच झालं आहे. मार्विन गेचं एक जुनं गाणं घेऊन तो १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला होता. गळा सोल संगीताचा, भरदार. पण त्याचं ‘डोन्ट ड्रीम’ ऐकताना मला तो मंचावरून समोर बघून गातोय असं दिसतं. शेजारी कोणी बसलेलं नाही.

अमेरिकेच्या ‘सिक्सपेन्स नन द रिचर’ या बँडने २००२ च्या अल्बमात घेतलं. त्यांची गायिका ली नॅश हिचा आवाज काचेसारखा स्वच्छ आहे, तरी मला ते फार गोड वाटतं. छताचं भोक बुजवून टाकल्यासारखं.

आणि मग अमेरिकेच्याच गायिका मायली सायरस आणि आरियाना ग्रांडे. २०१५ मध्ये त्या दोघींनी घराच्या मागच्या अंगणात, प्राण्यांचे झबले घालून हे गायलं. बेघर तरुण मुलांसाठी मायलीने काढलेल्या संस्थेकरता ती मालिका होती. मला तेव्हा तो खेळ वाटला होता. दोन वर्षांनी, २२ मे २०१७ ला आरियानाच्या मँचेस्टरच्या कार्यक्रमानंतर बॉम्बस्फोट झाला. २२ निष्पाप माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. तेरा दिवसांनी, ४ जूनला, ती त्याच शहरात परत उभी राहिली आणि मायलीबरोबर तिने हेच गाणं गायलं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मधेच थांबवावं लागलं, पुढे बघवेना.

तुम्ही कुठलं ऐकलं आहे? तुम्हाला ती हाक कोणाला वाटते?

दादर_पश्चिम

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

मी १९८८ च्या सुमारास काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ही कॅसेट ऐकली होती. विकत घ्यायला पैसे नव्हते. तिथे उभं राहून ऐकू द्यायचे, तेवढंच. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा मी शेवटच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलो.

मँचेस्टरबद्दल एक भर घालतो. तो कार्यक्रम झाला ते ओल्ड ट्रॅफर्डचं क्रिकेटचं मैदान. १९९० च्या ऑगस्टमध्ये आपल्या सचिनने पहिलं कसोटी शतक केलं ते तिथेच. सतरा वर्षांचा मुलगा, नाबाद ११९, आणि त्याने सामना वाचवला. माझ्या मनात त्या मैदानाचं तेवढंच चित्र होतं. २०१७ नंतर आता दोन आहेत, आणि दोन्हींत कोणीतरी अगदी कोवळ्या वयाचं माणूस हार मानायला तयार नाही.

काळी_दोन

यारा, फार मनापासून लिहिलं आहेत. मी पेटीवाला आहे, साथ करतो. पाश्चात्त्य संगीत शिकलेलो नाही, पण हे गाणं पेटीवर बसवलं आहे, म्हणून थोडं स्वरांच्या बाजूने.

मूळ ध्वनिमुद्रणाचा षड्ज म्हणजे आपली काळी दोन, पेटीवरची दुसरी काळी पट्टी. माझ्या नावाचा मान! अंतऱ्याला चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) फिरत राहतात. पहिली षड्जाची, दुसरी शुद्ध धैवतावरची, तिसरी मध्यमावरची. इथपर्यंत सगळं ओळखीचं, सरळ. चौथी गंधारावरची येते आणि तिच्यात कोमल धैवत आहे. दोन कॉर्ड आधी शुद्ध धैवत ऐकलेल्या कानाला हा कोमल धैवत टोचतो. कागदाच्या पेल्यात पूर धरायची गोष्ट नेमकी या स्वरावर येते.

आता गंमत अशी की ही चौथी कॉर्ड ज्या जागी उतरायला बघते ती जागा म्हणजे शुद्ध धैवतावरची कॉर्ड. कान तिकडे झुकलेला असतो. गाणं त्याला तिकडे जाऊ देत नाही, सरळ परत षड्जावर नेऊन बसवतं. प्रश्न विचारला आणि उत्तर न देताच पहिल्यापासून सुरुवात केली, असं दर वेळी होतं. आणि ‘हे नाऊ’ला तर षड्जापासून सुरुवातही नाही, ते मध्यमावरून उठतं आणि पंचमावरून षड्जाला येतं. म्हणून ती ओळ उंबऱ्याबाहेरून आत आल्यासारखी वाटते.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. जो कोणी गातो त्याने तो कोमल धैवत दुखू दिला तर हाक खरी वाटते. पॉल यंगच्या मुद्रणात वाद्यमेळ एवढा दाट आहे की तो स्वर त्यात बुडतो. तुम्हाला शेजारी कोणी बसलेलं दिसलं नाही, त्याचं एक कारण हेही असेल.

मांडवीकाठ

काळी_दोन, दंडवत. हे मला माझ्या भाषेत कोणी सांगितलं नव्हतं.

मी पणजीचा. बारा वर्षं हॉटेलांत आणि लग्नांत गिटार वाजवली, गायलो. आमच्या यादीत हे गाणं कायम असायचं. आम्ही गिटारवाले तिसऱ्या पडद्यावर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो आणि खाली सी पट्टीच्या कॉर्डचे आकार धरतो, म्हणजे बोटं सोपी राहतात आणि पट्टी मूळचीच मिळते. रात्री दुसऱ्या सत्रात गळा थकला की केपो काढून टाकायचो. सगळं तीन पायऱ्या खाली.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, गाणाऱ्याच्या बाजूनेही सांगतो. लोकांना वाटतं आम्ही नक्कल करतो. पहिली दोन वर्षं करायचोच. नील फिन श्वास कुठे घेतो तेसुद्धा पाठ होतं. पुढे एका पावसाळ्यात, ऑफ सीझनला, हॉटेलात फक्त एक वयस्कर जोडपं होतं, मेलबर्नचंच. त्यांनी हे गाणं मागितलं. रिकाम्या हॉलमध्ये नक्कल करायला लाज वाटू लागली. मी ते हळू केलं, ड्रमवाल्या मित्राला थांबायची खूण केली आणि त्या दोघांकडे बघून गायलो. ती बाई पूर्ण वेळ नवऱ्याचा हात धरून होती. त्याला बोललेलं कळत नव्हतं बहुतेक, वयामुळे. पण ‘हे नाऊ’ त्याने म्हटलं. तेवढंच म्हटलं, दोन्ही वेळा.

तेव्हापासून मी हे गाणं कधीही हॉलकडे बघून गायलो नाही. एक माणूस निवडायचो.

केतकीचे_बन

यारा, बाकी सगळ्याला अनुमोदन, पण सिक्सपेन्सबद्दल तुम्ही फार लवकर निकाल दिलात.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते ली नॅशच्याच आवाजात. मूळ कोणाचं हे मला दहा वर्षं माहीत नव्हतं. आई आजारी होती. रात्री तिच्या उशाशी बसून एका कानात इअरफोन आणि दुसरा कान तिच्या श्वासाकडे, असे चार महिने काढले. त्या वेळी मला दुखणारा स्वर नको होता, दुखणं खोलीत भरपूर होतं. मला कोणीतरी स्वच्छ, शांत आवाजात तेच तेच वाक्य सांगत राहायला हवं होतं. छताचं भोक बुजवल्यासारखं वाटतं म्हणालात. माझ्या डोक्यावर तेव्हा छप्परच राहिलं नव्हतं हो.

गोड म्हणजे खोटं असं मला वाटत नाही. आई मला अंगाई म्हणायची तेव्हा तिलाही पगार पुरत नव्हताच.

यारा_काठी

केतकी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री दिवा घालवून सिक्सपेन्सचं परत ऐकलं. माझं चुकलं. मी ते दिवसा, मूळ गाण्याशी ताडून बघत ऐकत होते. कोणाच्या उशाशी बसून ऐकायचं गाणं आहे ते. तुमच्या आईबद्दल लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

सातारकर_ऑकलंड

धागा सुंदर आहे. पण शीर्षकातल्या ‘ऑस्ट्रेलियन’ या शब्दावर आमच्या बेटाकडून हरकत नोंदवतो, आणि ती गंभीर हरकत आहे.

गीतकार न्यूझीलंडचा. ज्या बँडमधून तो आला तो स्प्लिट एन्झ ऑकलंडचा. १९७० च्या दशकात इथल्या बँडना पुढे जायचं तर समुद्र ओलांडून मेलबर्न किंवा सिडनीला जावंच लागायचं, कारण इथली बाजारपेठ इवलीशी होती. माणूस पोटासाठी गाव सोडतो म्हणून त्याचं गाणं त्या दुसऱ्या गावाचं होत नाही. साताऱ्याहून मुंबईला गेलेल्या गिरणी कामगाराच्या घरातल्या कोणालाही विचारा.

दोन्ही देशांतल्या गीतकारांच्या हक्कांचं काम बघणारी संस्था एकच आहे, आप्रा. तिने २००१ च्या सुमारास दोन्हीकडे आजवरच्या सर्वोत्तम गाण्यांच्या याद्या केल्या. ऑस्ट्रेलियाच्या यादीत हे गाणं सातवं आलं. न्यूझीलंडच्या यादीत दुसरं. एकच गाणं दोन देशांच्या यादीत! इथे शाळेच्या कार्यक्रमात मुलं हे म्हणतात. माझी मुलगी म्हणते. तिच्यासाठी हे परक्या देशातलं गाणं नाही, तिचं आहे.

यारा_काठी

सातारकर, हरकत मान्य. अर्धी. गीतकार तुमचा, पण पॉल मेलबर्नचा, निक व्हिक्टोरियातला, आणि बँड जमला तो याच शहरात. शीर्षक बदलत नाही, पण पहिल्याच परिच्छेदांत ‘ते आवामुतू’चं नाव घेतलं आहे ते मनापासून घेतलं आहे. भिंत नको बांधूया.

मिलानवासी

इथे अजून कोणी ‘आल्ता मारेआ’चा उल्लेख केला नाही, म्हणून खास लॉगिन केलं.

इटलीत आमच्याकडे हे गाणं इंग्रजी आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. रोमचा गायक आंतोनेल्लो वेंदित्ती याने १९९१ मध्ये याच चालीवर इटालियन शब्द लिहिले. आल्ता मारेआ म्हणजे भरती, समुद्राची. त्यात भिंत नाही, पेपर नाही, टीव्ही नाही. ते उघड प्रेमाचं गाणं आहे, मनात भरतीसारखं चढत येणाऱ्या माणसाबद्दलचं. त्याच्या व्हिडिओत जी तरुण मुलगी दिसते ती अँजेलिना जोली, तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं. इथल्या लग्नात, गाडीतल्या रेडिओवर, फुटबॉल बघून परतताना लोक हे गळा काढून गातात. माझ्या सासूबाईंना मी मूळ गाणं ऐकवलं तर त्या म्हणाल्या, वेंदित्तीचं कोणीतरी इंग्रजीत केलेलं दिसतंय.

नाट्यपद_प्रेमी

मिलानवासी, हे वाचून मला फार आनंद झाला, कारण ही तर आपली जुनी रीत आहे.

संगीत नाटकांच्या जुन्या संहिता उघडा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मधल्या पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ओळ छापलेली असते. कुठे एखाद्या कानडी पदाची, कुठे लावणीची, कुठे आणखी एखाद्या प्रसिद्ध पदाची. म्हणजे ही चाल कुठून घेतली ते पहिल्याच ओळीत उघडपणे सांगायचं आणि मग शब्द आपले घालायचे. यात चोरी नव्हती. ऐकणाऱ्याला चाल आधीच ओळखीची असायची, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष नव्या शब्दांकडे जायचं. वेंदित्तीने केलं ते याच जातीचं. मूळ कवीचं नाव ठेवून चाल घेतली आणि समुद्र आपला आणला.

एक चाल शंभर गळ्यांतून जाते तेव्हा तिचं काय होतं, हे आपल्याला नवीन नाही. बालगंधर्वांची पदं नंतर किती जणांनी गायली. काहींनी त्यांच्या गळ्यातल्या हरकती जशाच्या तशा उचलल्या, काहींनी पद घेतलं आणि जागा स्वतःच्या शोधल्या. लक्षात राहिले ते दुसरे. मांडवीकाठ यांचा पावसाळ्यातला अनुभव वाचताना हेच आठवत होतं.

दादर_पश्चिम

डायना क्रॉलचंही जोडून ठेवा यादीत. कॅनडाची जॅझ गायिका, २०१५ च्या ‘वॉलफ्लॉवर’ अल्बममध्ये आहे. खालच्या पट्टीत, अगदी कमी आवाजात, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. यारांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मला असं मिळालं की ती कोणालाच हाक मारत नाहीये. ज्याला मारायची तो निघून गेला आहे आणि ती घर आवरता आवरता म्हणते आहे.

केतकीचे_बन

दादर_पश्चिम, ‘घर आवरता आवरता’ ला +१. आत्ताच ऐकलं.

यारा_काठी

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत, आता मी टाळत होते ते लिहिते.

पॉल हेस्टरबद्दल.

पहिल्या अल्बमच्या वेळी निर्माता मिचेल फ्रूम याने ‘नाऊ वी आर गेटिंग समव्हेअर’ या गाण्यासाठी पॉल आणि निक यांना बाजूला बसवून बाहेरचे नामांकित वादक घेतले, ड्रमवर जिम केल्टनर आणि बेसवर जेरी शेफ. स्वतःच्या पहिल्याच अल्बममध्ये स्वतःच्या जागी दुसऱ्याला वाजवताना काचेपलीकडून बघायचं. मग ‘डोन्ट ड्रीम’ वाजवायला ते दोघे परत आत गेले. त्या ठेक्यात जो एक जडपणा आहे, हात राखून वाजवल्यासारखा, तो मला त्या अपमानाच्या सावलीतला वाटतो. पॉलने तिथे काही दाखवायचा प्रयत्नच केलेला नाही. नुसता नीलच्या बाजूने चालत राहतो.

पॉल सगळ्यांना हसवणारा. कार्यक्रमात गाण्यांपेक्षा त्याच्या बोलण्याचीच लोक वाट बघायचे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात मध्येच तो बँड सोडून घरी आला. दोन वर्षांनी बँडच थांबवायचं ठरलं. २४ नोव्हेंबर १९९६ ला सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर निरोपाचा कार्यक्रम झाला. तो खरं तर आदल्या दिवशी होणार होता, पावसाने एक दिवस पुढे गेला. मुलांच्या रुग्णालयासाठी मदत गोळा करायची होती. लाखाच्या वर माणसं आली. पॉल त्या रात्रीपुरता ड्रमवर परत आला आणि शेवटचं गाणं हेच होतं. चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. समोरचा तो सगळा जनसमुदाय ‘हे नाऊ’ म्हणतो आणि मागे पॉल वाजवतोय. ज्या गाण्याचं नाव ‘संपलं असं मनात आणू नकोस’, ते गाऊन बँड संपवला त्यांनी.

मार्च २००५ मध्ये मेलबर्नमध्ये पॉलने स्वतःचं आयुष्य संपवलं. शेहेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर नील हे गाणं कसा गात असेल, हे मला समजून घ्यायचं होतं. तो २०१८ मध्ये फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये गेला आणि २०१९ मध्ये ती मंडळी मेलबर्नला आली तेव्हा मी तिकीट काढलं. स्वतःच्याच गाण्याचं कव्हर, दुसऱ्याच्या बँडबरोबर. सुरुवात त्याने एकट्याने गिटारवर केली. मग त्या बँडची गायिका स्टीव्ही निक्स येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली आणि पुढचा अंतरा तिने घेतला. तिचा तो खरखरीत, सत्तरी ओलांडलेला आवाज. नील तिच्याकडे वळून, गाणं ऐकणाऱ्यांतलाच एक झाल्यासारखा उभा होता. इतकी वर्षं हाक मारणारा माणूस त्या एका अंतऱ्यापुरता हाक ऐकत होता. माझ्या प्रश्नाची सुरुवात तिथे झाली, क्लेटनच्या स्वयंपाकघरात नव्हे.

मांडवीकाठ

यारा, निरोपाचं चित्रीकरण आत्ता पूर्ण पाहिलं. ड्रम बंद करून गायलेली माझी ती पावसाळ्यातली रात्र आठवली आणि कसंसंच झालं. या गाण्यातून ड्रम काढायचा अधिकार मला नव्हता असं वाटायला लागलंय.

काळी_दोन

मांडवीकाठ, होता. त्या रात्री त्या आजोबांच्या वाट्याला गाणं पोचलं ना.

ऑर्गनबद्दल राहिलं होतं, ते लिहून माझं थांबवतो. मूळ मुद्रणात मधोमध एक हॅमंड ऑर्गनचा तुकडा आहे. चर्चमध्ये असल्यासारखा, लांब श्वासाचा. पेटीवर तो वाजवताना भाता किती सांभाळावा लागतो ते साथीदारालाच कळेल. एका हाताने हवा भरत ते सलग सूर धरायचे. हा तुकडा वाजवला आहे निर्माता मिचेल फ्रूम याने स्वतः. ज्याने पॉल आणि निकला बाजूला बसवलं, तोच.

आणि २०२० पासून क्राउडेड हाऊसची जी नवी जुळणी झाली आहे, तिच्यात कीबोर्डवर हाच फ्रूम आहे. बेसवर निक. गिटारवर नीलचा थोरला मुलगा लियम, जो गाणं आलं तेव्हा तीन वर्षांचा होता. आणि पॉलच्या जागी ड्रमवर धाकटा एलरॉय, जो तेव्हा जन्मलाही नव्हता.

हल्लीच्या कार्यक्रमांतलं एक चित्रीकरण लावून बसलो होतो. ऑर्गनचा तुकडा येतो तेव्हा नील मागे वळून ड्रमकडे बघतो.

सातारकर_ऑकलंड

काळी_दोन, पेटीवरचं ध्वनिमुद्रण इथे टाकाल का? मुलीला ऐकवायचं आहे. ती म्हणते, काळी दोन म्हणजे कुठली ते दाखवा.